कोलासच्या वह्या आणि तीन शनिवार

अमेरिकेला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात, नायगारा बघितलात का? बघितला. पाणी वरून खाली पडतं. मी जे करायला गेले होते ते राहिलं, आणि नायगाऱ्यापायीच राहायला सुरुवात झाली, असं सांगितलं की समोरचा माणूस पटकन हवापाण्यावर येतो. म्हणून आता लिहूनच टाकते. ज्यांना नायगाऱ्याचं वर्णन हवंय त्यांनी इथेच थांबावं.

मी पुण्यात एकतीस वर्षं फ्रेंच शिकवलं. शिकवलं म्हणजे क्रियापदं चालवून घेतली आणि पेपर तपासले. फ्रान्स पाहिलेलं नाही. खऱ्या फ्रेंच माणसाशी बोलण्याची वेळ एकदाच आली होती. बक्षीस समारंभाला एक साहेब आले होते, त्यांना नमस्कारापुरतं ‘बाँजूर’ म्हणून मी चहाची व्यवस्था बघायला पळाले. तर अशी माझी फ्रेंच. कागदावर उत्तम, तोंडात दातखीळ.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत रद्दीत काढायला ठेवलेल्या गठ्ठ्यात एका जुन्या फ्रेंच साप्ताहिकाचे बांधीव अंक मिळाले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातले. ते मी रद्दीतून वाचवून परत कपाटात लावून घेतले. त्यात मला एमिल कोलास भेटला. पाववाल्याचा मुलगा, पहाटे घरोघर पाव टाकता टाकता सायकलपटू झालेला. तेव्हाची लांबची शर्यत म्हणजे पॅरिसहून निघायचं, पार समुद्रापर्यंत जायचं आणि तोंड फिरवून परत यायचं. झोप ज्याची त्याने बघून घ्यायची. रस्ते खडीचे. वाटेतल्या ठरलेल्या गावांत चौक्या असत. तिथे वहीत सही करायची, शिक्का घ्यायचा, चार कच्ची अंडी गिळायची आणि सुटायचं. पण एकट्याने कोणी पळत नसे. पुढे पेसर लागत. पेसर म्हणजे पगारी ठेवलेले ताज्या दमाचे सायकलवाले. ते पुढे राहून वारा आपल्या छातीवर घ्यायचे, आणि ते थकले की पुढच्या चौकीवर नवे उभे असायचे.

परतीच्या वाटेवर कोलास सगळ्यांच्या पुढे होता. एका चौकीवर तो थांबला आणि दोन तास निघालाच नाही. मागचे दोघे पुढे गेले, हा तिसरा आला. साप्ताहिकाने छापलं की कोलास खाणावळीत गादीवर घोरत पडला होता. शेजारी त्याचं टोपी तोंडावर घेतलेलं चित्रही काढलं होतं. पुढे कोलास ज्या गावात शर्यतीला जाई तिथे रस्त्याच्या कडेची माणसं घोरण्याचे आवाज काढत. शेवटी तो बोटीत बसून अमेरिकेला गेला. तिथे लाकडी ट्रॅकवर सहा सहा दिवस गोल फिरायच्या शर्यती केल्या, खांदा मोडून घेतला, पेनसिल्व्हेनियातल्या एका गावात सायकलचं दुकान टाकलं. मोटारी आल्यावर गवत कापायची यंत्रं दुरुस्त करून पोट भरलं आणि तिथेच मेला.

मला या माणसाचं काय पडलं होतं, असं माझी बहीण विचारते. ज्याला घोरण्याच्या आवाजांनी देशाबाहेर घालवलं, तो खरंच झोपला होता का, एवढंच मला कळायला हवं होतं. नवरा गेलेल्या, मुलगा परदेशात असलेल्या बाईला नाद लागायला एवढं पुरतं. मी फ्रान्समधल्या जुन्या सायकलवाल्यांच्या एका मंडळाला पत्र टाकलं. तिथून कोलासच्या मुलीचा पत्ता आला. लुईज कोलास, वय अठ्ठ्याहत्तर, लग्न केलेलं नाही, बापाच्याच घरात राहते. सहा वर्षं आमचा पत्रव्यवहार चालला. मी त्यांना मनातल्या मनात लुईजबाई म्हणायचे.

शहाऐंशी साली त्यांचं पत्र आलं ते शेजारणीने टाइप केलेलं, इंग्रजीत. लिहिलं होतं की बाबांच्या शर्यतीच्या वह्या ट्रंकेत आहेत. चौकीवर काय झालं तेही त्यांनी त्यात स्वतः लिहिलंय. मी लहानपणी एकदा वाचलं होतं. आता माझे डोळे गेलेत आणि या गावात फ्रेंच वाचणारं कोणी नाही. तुम्ही या, मला एकदा सगळं वाचून दाखवा, मग वह्या तुमच्या. मात्र सप्टेंबरअखेर घर विकलं जातंय. मी वृद्धाश्रमात जाणार, तिथे ट्रंक ठेवू देत नाहीत.

त्याच महिन्यात माझ्या मुलाचा, अभयचा, न्यू जर्सीहून फोन आला. सूनबाईंना, स्मिताला, दिवस गेलेत, बाळंतपणाला ये. बाळंतपण नोव्हेंबरात, पण मी मुद्दाम ऑगस्टअखेरचं तिकीट मागितलं. अभयला कारण सांगितलं. तो म्हणाला, ‘‘डन, आई. दोन तासांचा तर ड्राइव्ह आहे. पहिल्याच वीकेंडला जाऊ.’’

पहिला शनिवार

अमेरिकेत गाडी नसलेलं माणूस म्हणजे सामान. कोणी उचलून नेईल तेव्हा हलायचं. सोमवार ते शुक्रवार मी स्मिताच्या घरात खिडकीशी बसून रस्त्यावर माणूस दिसतंय का ते बघायचे. कुत्री दिसायची, त्यांना बांधलेली माणसं दिसायची. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान नाही, समोर कोणाचं दार उघडं नाही. पुण्यात भाजीवालीशी हुज्जत घालण्यात माझी अर्धी सकाळ जाते, इथे टोमॅटोसुद्धा प्लॅस्टिकमध्ये बांधून गप्प बसवलेले.

अभयने लुईजबाईंना फोन केला. ‘‘सॅटर्डे, अराउंड नून,’’ असं सांगितलं. मीच त्याला करायला लावला, ही गोष्ट मला लपवायची नाही. फोन भिंतीवर होता, नंबर माझ्या डायरीत होता. पण सहा वर्षं ज्या बाईला मी अशी सफाईदार पत्रं लिहिली, तिला माझी अडखळती फ्रेंच ऐकू जाणार, या कल्पनेनेच मी मागे सरले. इंग्रजीत बोलावं तर फ्रेंचच्या बाई इंग्रजीत का बोलतात, असं तिला वाटेल. म्हटलं, समोरासमोर गेल्यावर बघू.

शुक्रवारी अभय ऑफिसातून आला तो उड्या मारतच. त्याच्या मित्राच्या व्हॅनमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. ‘‘आई, नायगारा! हॉटेल बुक झालंय. थंडी पडली की मजा नाही.’’

मी म्हटलं, ‘‘उद्या लुईजबाईंकडे जायचंय ना?’’

‘‘अगं, त्या कुठे जातायत? नेक्स्ट वीकेंडला जाऊ.’’

‘‘मग त्यांना फोन कर.’’

‘‘सोमवारी करतो, एक्स्प्लेन करतो. नाही आलो की कळेलच ना त्यांना.’’

यात अभयने वेगळं काय केलं? आपल्याकडे हेच चालतं. कोणी येतो म्हणाला आणि नाही आला, तर आपण म्हणतो काही काम निघालं असेल, आणि आमटीत पाणी न घालता जेवून घेतो. येणारा सांगत नाही, न येणारा तर मुळीच सांगत नाही. मीही जन्मभर असंच केलंय. त्यामुळे व्हॅनमध्ये बसले. पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी आठ तास मांडीवर घेऊन गेले, निळा रेनकोट घालून बोटीत भिजले, फोटो काढून घेतला. त्या फोटोत मी हसतेय, म्हणून तो मी अल्बममध्ये लावलेला नाही.

दुसरा शनिवार

सोमवारी अभयने फोन केला, सॉरी म्हणाला, पुढचा शनिवार नक्की म्हणाला. लुईजबाई काय म्हणाल्या, मी विचारलं. ‘‘शी इज फाइन, आई. गोड बोलतात.’’

गुरुवारी स्मिताच्या मैत्रिणींनी ठरवलं की डोहाळजेवण याच शनिवारी, कारण पुढच्या शनिवारी मराठी मंडळाचा गणपती आणि त्याच्या पुढे कोणाकोणाच्या परीक्षा. डोहाळजेवण आणि सासू घरात नाही, हे कसं दिसेल? स्मिताने मला विचारलं नाही, तिने फक्त माझी हिरवी पैठणी इस्त्री करून ठेवली. मी शुक्रवारी अभयला म्हटलं, ‘‘आज तरी फोन कर रे.’’ तो म्हणाला, ‘‘ऐनवेळी कॅन्सल केलेलं यांना आवडत नाही आई, उगाच वाईट दिसेल. मंडेला करतो.’’ म्हणजे न सांगता न जाणं चांगलं दिसतं. मी पैठणी उचलून खोलीत नेली.

डोहाळजेवण तळघरात झालं. बोटीचा देखावा खोक्यांचा केला होता. बायका हौशी, कष्टाळू, सगळ्या नोकऱ्या करून आलेल्या. एकीने चाळीस माणसांचा मसालेभात घरून करून आणला होता. त्यांची मुलं कोपऱ्यात इंग्रजीत भांडत होती. एक काकू मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही फ्रेंचच्या प्रोफेसर ना? मग बोलून दाखवा ना काहीतरी.’’ मी म्हटलं, घसा बसलाय. नाव घ्यायचा आग्रह मात्र कोणी केला नाही, विधवेला कोण करणार. बारा वाजता मी घड्याळाकडे बघितलं. एक वाजता परत बघितलं. दोन तासांवर कोणीतरी दार वाजायची वाट बघत बसलंय, हे मला माहीत होतं आणि मी पेढा-बर्फीच्या वाट्या झाकत होते.

तिसरा शनिवार

तिसऱ्या शनिवारी गणपती. चतुर्थी केव्हाच होऊन गेली होती, पण तिथे गणपती हॉल मिळेल त्या शनिवारी बसतो आणि रविवारी उठतो. देवाने ॲडजस्ट करून घेतलंय. माझ्या वाट्याला दोनशे मोदक आले. तांदळाची पिठी तिथे मिळते ती कोरडी, उकड चिरत होती. मी चिडचिड करत होते आणि सगळ्यांना वाटत होतं ते पिठीवर.

‘‘आई, प्लीज,’’ अभय म्हणाला, ‘‘मी सेक्रेटरी आहे या वर्षी. मी कसा जाऊ? पुढच्या आठवड्यात एक दिवस सुट्टीच काढतो.’’

‘‘त्यांचं घर जायला आलंय.’’

‘‘महिनाअखेरीला ना? अजून टाइम आहे.’’

मी त्याचा राग मोदकांच्या पाकळ्यांवर काढला. पण खरं सांगायचं तर फोन माझ्या पाठीमागच्या भिंतीवर होता. हाताला पीठ लागलं होतं, एवढीच सबब.

बुधवार

मंगळवारी मी शेजारच्या दाक्षिणात्य बाईंना विचारून बसचं वेळापत्रक मिळवलं. बुधवारी अभय ऑफिसला गेला, स्मिता डॉक्टरकडे. मी टेबलावर चिठ्ठी ठेवली, पर्समध्ये साप्ताहिकाच्या त्या पानांची झेरॉक्स घेतली, स्वेटर चढवला आणि निघाले. तीन आठवडे जे दोन तास कोणाला जमले नाहीत ते मला दोन बस बदलून चार तासांत जमले. बसमध्ये माझ्याशेजारी एक कृष्णवर्णीय म्हातारी होती, नातवाकडे चाललेली. तिने मला अर्धं सफरचंद दिलं. तीन आठवड्यांत मला न विचारता कोणी काही खायला दिलं असेल तर तिने.

मी एक थांबा आधी उतरले. ड्रायव्हरने मागून हाक मारली, मला वाटलं निरोप देतोय. मग मैलभर चालले. तिथल्या रस्त्यांना फूटपाथ नसतो, कारण चालणाऱ्याची कल्पनाच कोणी केलेली नाही. दोन्ही बाजूंना मक्याची शेतं, पानं पिवळी पडू लागलेली, हवा छान. साडीच्या निऱ्यांना गवताची कुसळं. गाड्या माझ्याजवळ येऊन हळू होत आणि निघून जात. शेवटी एक थांबली ती पोलिसांची. ‘‘मॅम, आर यू ऑल राइट?’’ मी पत्ता दाखवला. आमच्या सात पिढ्यांत कोणी पोलिसाच्या गाडीत बसलं नव्हतं. मी बसले, आणि एमिल कोलासच्या दारात पोलिसासकट उतरले.

घर लाकडी, पांढरा रंग उडालेला. दार उघडंच होतं. आत दोन खुर्च्या, एक टेबल आणि भिंतींवर फ्रेमा काढल्याचे चौकोन. लुईजबाई एका खुर्चीत बसल्या होत्या. उंच, हाडापेराने मजबूत, पांढरे केस घट्ट बांधलेले. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. ‘‘हू इज इट?’’ त्यांनी विचारलं.

मी फ्रेंचमध्ये सांगितलं की मी पुण्याची, पत्र लिहिणारी. उशीर झाला, क्षमा करा. एक क्रियापद चुकलं. आभाळ कोसळलं नाही.

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. मग फ्रेंचमध्येच म्हणाल्या, ‘‘तुम्ही चांगलं बोलता. मग फोन स्वतः का नाही केलात?’’

मी म्हटलं, ‘‘लाज वाटली.’’

‘‘हां,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलं, तुम्हाला यायचंच नाही, म्हणून मुलाला पुढे करता.’’

ट्रंक कुठे आहे हे विचारायची गरज नव्हती, खोली दिसत होती. त्यांनी आपणहून सांगितलं. पहिल्या शनिवारी शेजारणीला धरून कांद्याचं सूप केलं, मांसाचा रस न घालता, कारण मी पत्रात शाकाहारी असल्याचं कळवलं होतं. दुसऱ्या शनिवारी बटाटे आणि चीज. तिसऱ्या शनिवारी फक्त ब्रेड आणला, कारण शेजारीण वैतागली होती. तिन्ही वेळा ट्रंक टेबलाशेजारी ओढून ठेवली होती. रविवारी ओहायोहून भाचा आला, घर रिकामं करायला. त्याने विचारलं, ती इंडियन बाई येणार आहे का? ‘‘मी म्हटलं, नाही येणार. त्याने सोमवारी मोठा कचऱ्याचा डबा मागवला होता. त्यातच गेलं सगळं. तो वाईट मुलगा नाही, त्याला फ्रेंच येत नाही.’’

‘‘डबा कुठे नेला?’’

‘‘मी विचारलं होतं. जाळतात म्हणे.’’

मी खाली बसले. त्यांनी चाचपडत पाव कापला, जॅम लावला आणि कागदी बशीत मला दिला. तो मी खाल्ला. न खाऊन काय करणार होते?

मग त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्याकडे काय आहे?’’

माझ्याकडे ती झेरॉक्स होती. मी सांगितलं की हे त्या साप्ताहिकातलं आहे, आणि चांगलं नाहीये. त्या म्हणाल्या, ‘‘वाचा. तीन शनिवार कोणीतरी वाचून दाखवणार म्हणून बसलेय.’’

मी वाचायला लागले. पॅरिसचा चौक, बँड, पाववाल्याचा मुलगा, पहिला पाऊस अंगावर घेतलेला. त्या हनुवटी वर करून ऐकत होत्या, मध्येच एका गावाचं नाव आल्यावर हसल्या. माझा आवाज हळूहळू सुटला. एकतीस वर्षं वर्गात वाचलं ते कोणासाठी वाचलं कोण जाणे. चौकीशी आले आणि थांबले. मनात आलं, या बाईंना दिसत नाहीये. चार ओळी गाळल्या तर कोणाला कळणार आहे? पण त्यांनी ओळखलं. ‘‘गाळू नका,’’ त्या म्हणाल्या.

मग मी तेही वाचलं, गादी, घोरणं, तोंडावरची टोपी.

एवढ्यात बाहेर गाडी वाजली. स्मिताने फोनवर चिठ्ठी वाचून दाखवली तसा अभय ऑफिसातून धावत आला होता, टाय तसाच. दारातूनच म्हणाला, ‘‘आई, तू वेडी आहेस का? काही झालं असतं म्हणजे?’’ मग त्याला रिकामी खोली दिसली आणि त्याने हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या.

लुईजबाई त्याच्याकडे वळल्याही नाहीत. माझा हात शोधून धरला आणि सावकाश म्हणाल्या, ‘‘ते झोपले नव्हते. पुढचे पेसर येणार होते, त्यांनी शब्द दिला होता. समोरून वारा होता, एकट्याने निघण्यात अर्थ नव्हता. बाबा चौकीच्या पायरीवर सायकल धरून उभे होते. दोन तास. पेसर आले नाहीत, आणि येणार नाही असं कोणी कळवलंही नाही. हे त्यांनी त्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, त्या चौकीवाल्याच्या सहीसकट. आता ते कुठे लिहिलेलं आहे?’’

‘‘काय म्हणतायत त्या?’’ अभयने विचारलं.

मी त्याला शब्दन् शब्द मराठीत सांगितला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. परतीचे दोन तास त्याने रेडिओ लावला नाही आणि मीही त्याला बरं वाटेल असं काही बोलले नाही.

नोव्हेंबरात नात झाली, बाळंतपण नीट पार पडलं, डिंकाचे लाडू सगळ्यांना आवडले. वृद्धाश्रमाच्या नंबरावर मी दोनदा स्वतः फोन केला, फ्रेंचमध्ये बोलले. लुईजबाई सभ्यपणे उत्तर द्यायच्या, जास्त काही बोलायच्या नाहीत. पुण्याला परत आल्यावर मी लायब्ररीत गेले. साप्ताहिकाचे अंक जाग्यावर आहेत, चांगले बांधलेले, आणखी शंभर वर्षं टिकतील.

कोलास पायरीवर उभा होता हे आता फक्त इथे लिहिलेलं आहे. वही नाही, सही नाही, शिक्का नाही. साक्ष काय ती माझी, म्हणजे तीन शनिवार येते म्हणून न गेलेल्या बाईची.